मशीनच्या डोळ्याला कुंकू

ओल्या दगडाला सुखद गंध असतो, असं वाक्य मी एकदा छापलं आहे. तेव्हा मी एका वर्तमानपत्राच्या घरांविषयीच्या पुरवणीत उपसंपादक होते. वाक्य जाहिरातदाराकडून आलेलं. मी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि पुढे पाठवलं. त्या पुरवणीत 'दगड' हा शब्दही चालत नसे. 'स्टोन' लिहायचं. दगड म्हटलं की वाचकाला रस्ता आठवतो, असं जाहिरात विभागाचं म्हणणं होतं.

पुढे ठाण्यात कोलशेतला, खाडीच्या बाजूच्या एका दगडाच्या कारखान्यात माझं जाणं-येणं झालं. तिथला वास सुखद नव्हता. साचलेलं पाणी, जळकं तेल, भिजलेली पोती, आणि या सगळ्याखाली मोरीचा वास, कारण कामगारांची मोरी त्याच खड्ड्याला जोडली होती. दगड कापताना पात्यावर सतत पाणी सोडावं लागतं. नाही सोडलं तर पातं तापतं आणि धूळ उडते. ते पाणी दगडाची पूड घेऊन खाली खड्ड्यात उतरतं, पांढरं, दाट. तिथे त्याला सगळे 'दूध' म्हणत. दूध भरलं, दूध उपसा, दुधात पाय घालू नको. हे दूध पुढे कुठे जातं, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं. उत्तरादाखल एकाने हनुवटी खाडीकडे केली. मागच्या भिंतीला एक पाइप होता, आणि भिंतीपलीकडच्या तिवरांची मुळं साय धरावी तशी पांढऱ्या थराने माखली होती. त्या थरावर माश्या बसत नसत. माश्याही बसत नाहीत म्हटल्यावर आणखी काय लिहायचं?

कारखान्यात मी जात असे ती माझ्या दाजींमुळे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे माणदेशातले. लग्नाआधीपासून दगडकामात. ताई आणि ते कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडीच्या बाजूला राहतात. दाजींचं काम फिनिशिंगचं. स्वयंपाकघराच्या ओट्याची कापलेली कड हातातल्या ग्राइंडरने गोल करायची, सिंकसाठी भोक पाडायचं, खिडकीच्या पट्टीला उतार द्यायचा. यातलं बरंचसं काम कारखान्यात होई आणि उरलेलं गिऱ्हाइकाच्या घरी. दोन्हीकडे कोरडंच. हातातल्या ग्राइंडरला पाणी लावून काम करता येतं, पण मग चिखल होतो, आणि चिखल कुणालाच नको असतो. धूळ निदान उडून जाते.

उडून ती कुठे जाते, हे ताईला ठाऊक होतं. दाजींचे कपडे ती वेगळ्या बादलीत भिजवत असे. पाणी ओतून दिलं की बादलीच्या तळाला जो थर उरे तो सुकल्यावर सुरीने खरवडावा लागे. त्यांच्या पापण्या पांढऱ्या असत, कानाच्या पाळीमागे चिकटलेली पूड आंघोळीनंतरही राही. सकाळी ते बेसिनशी उभे राहून खोकत. खोकून झालं की नळ मोठा सोडत, आम्हाला दिसू नये म्हणून. दिसत असे. करड्या रंगाचा, चिकट, दोऱ्यासारखा कफ पाण्याने सहज वाहून जात नसे. मग ते बोटाने ढकलत.

डॉक्टरांनी एक्स-रे पाहून औषधाच्या आधी एकच गोष्ट सांगितली: कोरडी धूळ बंद. छातीचा जो भाग गेला तो परत येणार नाही, उरलेला राखता येईल, तोही धूळ बंद झाली तर. ताईने हे वाक्य मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. मग विचारलं, "दगडाच्या कारखान्यात धूळ बंद कशी करायची गं? दुधवाल्याला म्हणायचं, म्हशीजवळ जाऊ नको?"

उत्तर मालकांकडून आलं. मालक ठाण्यातलेच, जुने स्थायिक, शिकलेले. त्यांनी नवं स्वयंचलित मशीन घ्यायचं ठरवलं होतं आणि दाजींना त्यांनी शब्द दिला: "मशीन आली की तू मशीनवर."

मशीन आलं तेव्हा दाजींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. फाटकातच हाक आली, "या पत्रकारबाई! चपला काढू नका, इथं देव नाही, चिखल आहे."

मशीन खरोखर पाहण्यासारखं होतं. खाली मोठं टेबल, वर पुलासारखा दांडा, दांड्यावरून सरकणारं डोकं आणि डोक्याला ताटाएवढं पातं. स्लॅब, म्हणजे दगडाची अखंड लादी, टेबलावर आली की डोकं मधोमध येऊन वर उठे आणि त्याच्या बाजूला बसवलेला कॅमेरा स्लॅबचा फोटो घेई. तो फोटो काचेच्या केबिनमधल्या पडद्यावर दिसे. केबिनमध्ये बसलेल्या माणसाने पडद्यावर बोट फिरवून ठरवायचं: इथून ओटा, इथून पायऱ्या, इथे तडा आहे तो सोडून दे, इथे डाग आहे तो टाळ. बाकी सगळं मशीन करी. पाणी सोडणं, पातं तिरकं करणं, कापून झालेला तुकडा बाजूला सरकवणं. शिकवायला आलेला कंपनीचा माणूस दाजींना म्हणाला होता, "इथे हात लागत नाही काका, बोट लागतं." दाजींनी ते आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवलं. त्यांच्या बोटांना धुऊन कधीच साफ न होणाऱ्या भेगा होत्या. पडदा त्यांचं बोट ओळखेना, म्हणून ताईने रात्री झोपताना त्यांना खोबरेल लावायला सांगितलं. मग ओळखू लागला.

दाजी केबिनमध्ये बसू लागले आणि खोकला खरंच उतरला. गेला नाही, पण उतरला. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबायचे ते थांबेनासे झाले. ताईचे फोन कमी झाले. आमच्याकडे फोन कमी होणं ही चांगली बातमी असते.

मशीनची दुसरी बाजू केबिनच्या काचेतून दिसत असे. मशीन भराभर कापत होतं, आणि कापलेल्या प्रत्येक तुकड्याची कड हातानेच गोल करायची होती. पूर्वी दिवसाला जेवढा माल फिनिशिंगला येई त्याच्या कितीतरी पट आता येऊ लागला. तोंडाला गमछा बांधलेले दोघे शेडच्या टोकाला ग्राइंडर घेऊन बसलेले असत. त्यांच्याभोवतीच्या धुळीत ते मधूनच दिसत, मधूनच नाहीसे होत. पुरवणीवाल्यांना दाखवावी अशी 'धूळमुक्त कटिंग'ची पाटी मालकांनी बाहेर लावली होती. पाटी खोटी नव्हती. कटिंग धूळमुक्तच होतं. दाजी त्या दोघांकडे पाहत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "समोर पडदा असतो ना. नजर हलवून चालत नाही."

दसऱ्याला मशीनची पूजा होती. मशीन नवं, पहिलाच दसरा, म्हणून घरच्यांनाही बोलावणं होतं. ताई जरीकाठाचं नेसून आली. मालकांच्या आई आल्या होत्या. त्यांना कारखान्यात सगळे माई म्हणत. पूजा म्हणून सगळ्यांनी चपला काढल्या, आणि चपला काढल्या म्हणून सगळे त्या दुधात अनवाणी उभे राहिले. बोटांच्या फटींतून ते थंड, बुळबुळीत वर येत होतं. माईंच्या पैठणीचा काठ करडा झाला. नारळ मशीनच्या टेबलावरच फोडला. त्याचं पाणी दगडाच्या पाण्यात मिसळून खड्ड्यात गेलं. पेढे वाटणाऱ्याने हात धुतले नव्हते. माझा पेढा दाताखाली कचकचला. सगळ्यांचेच कचकचले असणार. कुणी थुंकलं नाही. प्रसाद होता.

पात्याला हार झाला, दांड्याला झेंडू झाला. माई तबक घेऊन पुढे आल्या.

"डोळा कुठाय म्हणालास याचा?" त्यांनी मालकांना विचारलं.

"तो वर आहे आई. राहू दे. इथे खाली लाव ना, बॉडीला."

"खाली? कुंकू काय गुडघ्याला लावतात?"

सगळे हसले. मालकांनी डोकं खाली आणायला सांगितलं. दाजींनी केबिनमधून ते जमेल तेवढं खाली आणलं, तरी माईंचा हात पोहोचेना. मग दाजींनीच स्टूल आणलं आणि दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"नीट धर हो," माई वर चढता चढता म्हणाल्या. "पडले तर आज मशीनलाही हार नि मलाही हार."

"माई, तुम्हाला काय होतंय! तुमच्या आधी स्टूल मोडेल."

"मेल्या, मी जाड आहे म्हणतोस होय रे?"

पुन्हा हशा. माईंनी ओल्या बोटाने आधी हळद टेकवली, मग कुंकू. नेमकं कॅमेऱ्यापुढच्या काचेवर. "आता कसं," त्या म्हणाल्या, "दृष्ट लागायची नाही." मालकांनी तेवढ्यात फोटो काढला. तो दोन दिवस त्यांच्या स्टेटसला होता.

त्यानंतर पांढऱ्या संगमरवराचं मोठं काम लागलं. माजिवड्याला नवा टॉवर उभा राहिला होता, त्याच्या खालच्या हॉलच्या भिंती. दगडातल्या करड्या रेषा एका स्लॅबमधून दुसऱ्या स्लॅबमध्ये सलग गेलेल्या दिसायला हव्यात, अशी अट होती. अशा भिंतीला फार मान असतो. पहिली स्लॅब टेबलावर आली, फोटो निघाला, आणि पडद्यावर मधोमध जरा उजवीकडे तांबूस डाग दिसला. पुसट, ढगासारखा. पांढऱ्या संगमरवरात कधी कधी लोखंडाचा अंश असतो आणि तो असा तांबूस दिसतो, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या स्लॅबवर डाग त्याच जागी. तिसऱ्यावर तिथेच. याचंही कुणाला नवल वाटलं नाही. एकाच ठोकळ्यातून स्लॅब काढतात, पावाच्या स्लाइससारख्या, मग ठोकळ्यातला दोष सगळ्या स्लाइसमध्ये त्याच जागी येणारच. दाजींनी डाग टाळून बोट फिरवलं. मशीनने डाग टाळून कापलं. डाग असलेला तुकडा प्रत्येक वेळी फेकायच्या ढिगात गेला.

भाऊबीजेला मी ताईकडे होते. दाजी रंगात येऊन सांगत होते. स्लॅबजवळ जाऊन पाहिलं तर डाग दिसत नाही, पडद्यावर मात्र स्पष्ट.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आपल्याला वरचं दिसतं, पत्रकारबाई. तिला आतलं दिसतं. एक्स-रेच म्हणा ना."

"मग तुमची छाती ठेवा की एकदा तिच्याखाली," ताई आतून म्हणाली. "फुकट होईल."

मालकांचंही मत दाजींसारखंच होतं. त्यांनी माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला फोन करून आईवरून शिव्या दिल्या. दुसरा ठोकळा आला. त्यातही डाग, त्याच जागी. पुन्हा शिव्या. दरम्यान टॉवरच्या भिंतीला लावलेल्या रेषा जुळेनात, कारण प्रत्येक तुकडा डाग चुकवायला सरकवलेला होता. बिल्डरच्या माणसाने भिंत उतरवायला लावली. मग एक दिवस टेबलावर काळा ग्रॅनाइट आला आणि त्याच्यावरही तोच ढग, तिथेच दिसला. काळ्या ग्रॅनाइटला संगमरवराचा रोग कसा होईल, असं कुणीतरी म्हणालं, आणि कंपनीच्या माणसाला बोलावणं गेलं.

तो आला तेव्हा मी तिथे नव्हते. दाजींनी सांगितलं ते असं. तो शिडीवर चढला. काचेकडे पाहिलं. अंगठ्याला थुंकी लावली, काच पुसली, अंगठा पँटीला पुसला. पडद्यावरचा ढग गेला. "पूजा केली होती वाटतं," तो खाली उतरत म्हणाला. "पुढच्या वेळी बॉडीला करा." चहा पिऊन गेला.

मग फेकायच्या ढिगाकडे सगळ्यांची नजर गेली. स्वच्छ, पांढरा, निर्दोष संगमरवर तिथे चिखलात पडलेला होता. कुंकवाचं बोट टाळण्यासाठी इतके दिवस तो कापून फेकला होता.

मालकांनी सगळ्यांना गोळा केलं. चौकशी अशी झाली:

"स्टूल कुणी धरलं होतं?"

"मी," दाजी म्हणाले.

"मग?"

एवढंच. सकाळी केबिनमध्ये दुसरा माणूस बसला आणि दाजींच्या हातात ग्राइंडर आला. त्या पूजेला शेडमध्ये जे जे होते त्या सगळ्यांनी कुंकू कुणी लावलं ते पाहिलं होतं. सगळे चिखलाकडे बघत उभे राहिले. माईंना यातलं काही कळू दिलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या कारखान्यात येऊन मशीनला नमस्कार करून गेल्या.

दाजींचा खोकला परतायला वेळ लागला नाही. बेसिनचा नळ पुन्हा मोठा सुटू लागला. पण ते खोकल्याबद्दल बोलत नसत. बोलत ते एकाच गोष्टीबद्दल: आपल्यामुळे दगड गेला. जेवताना, बोलता बोलता मध्येच, "मी निदान पुसून तरी बघायला हवं होतं." ताईने चार दिवस ऐकलं आणि मला फोन केला.

"तू पेपरवाली ना? पूजेला होतीस ना? जा आणि सांग त्या माणसाला, कुणी लावलं ते. घाबरतेस काय?"

"घाबरत नाही गं."

"मग जा. यांना परत काचेत बसव. मला बाकी काही नको."

मी गेले. मालकांचं ऑफिस थंड होतं. भिंतीवर दगडाचे नमुने, टेबलावर अर्धवट खाल्लेल्या इडलीची बशी. मालक एका व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्याने दात कोरत होते. मी पूजेचं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

"मॅडम, फोटो मीच काढलाय. आईनेच लावलं. मला काय दिसत नाही?"

"मग दाजींना का काढलं?"

"आईला काय सांगू? तुझ्या कुंकवाने माल गेला? ती अन्न सोडेल."

"आईंना सांगू नका. दाजींना परत बसवा. त्यांच्या छातीचं तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे ना. म्हणून तर मास्क आणून दिलाय. चांगल्यातला." कार्ड दुसऱ्या दाढेकडे गेलं. "हे बघा, खरं सांगतो. मशीनवर कुणीही बसतं. बोट फिरवता आलं की झालं. फिनिशिंगला तसा हात मिळत नाही. मशीन दिवसभर कापते आणि पुढे माल तुंबतो. गिऱ्हाईक काय कापलेलं बघतं? गिऱ्हाईक कड बघतं, हात फिरवून बघतं. त्याची कड म्हणजे लोणी आहे हो, लोणी. तो काचेत बसून फुकट चालला होता."

"म्हणजे कुंकवाचा प्रश्नच नव्हता."

"कुंकवामुळे सोपं झालं," मालक म्हणाले. कार्डाच्या टोकावर आलेलं त्यांनी पाहिलं, बोटाने उडवलं आणि कार्ड पुन्हा खिशात ठेवलं. ते पुढे कुणाला तरी दिलं जाणार होतं.

बातमीदारीत एक शिस्त असते: जे ऐकलं ते जसंच्या तसं पोचवायचं. मी विठ्ठलवाडीला गेले आणि दोघांसमोर बसून सगळं सांगितलं. मालकांना कुंकू कुणी लावलं ते पहिल्यापासून माहीत होतं. दोष दाजींचा नव्हता. दाजींना काढलं ते त्यांचा हात चांगला म्हणून. ताई ऐकता ऐकता लाल झाली. 

दाजी म्हणाले, "लोणी म्हणाला?"

"हो."

"लोणीच म्हणाला? दुसरं काही नाही?"

"लोणी. दोनदा."

दाजी ताठ बसले. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला. "तोंडावर कधी बोलला नाही इतक्या वर्षांत," ते म्हणाले. "बघ, मालाची पारख आहे त्याला."

"अहो, छाती कुणाची जातेय?" ताई म्हणाली. "लोणी कुणाच्या पोळीवर पडतंय?"

"दगड माझ्यामुळं गेला नाही, हे त्याला ठाऊक आहे ना? बास. मला तेवढंच लागलं होतं."

दुसऱ्या दिवशी ते वेळेआधी कामाला गेले. मास्क खिळ्याला टांगून ठेवत, कारण त्यात श्वास कोंडतो आणि चष्म्यावर वाफ धरते. ताई माझ्याशी काही दिवस बोलली नाही. मी नेलेली माहिती खरी होती. तिचा उपयोग असा झाला.

पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. दाजींनी जेवताना गंमत म्हणून सांगितला तसा देते. माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये एका घरी ओटा बसवून झाला होता. नंतर घरच्यांनी मोठं सिंक आणलं. भोक वाढवायचं होतं. ओटा आता काढता येणार नव्हता, म्हणून काम जागेवरच. दाजींनी पाणी लावून कापू का विचारलं. घरच्या बाई म्हणाल्या, "नको काका, वुडन फ्लोअरिंग आहे." खिडकी उघडली तर धूळ शेजाऱ्यांच्या बाल्कनीत जाते आणि सोसायटीची नोटीस येते, म्हणून खिडकी बंद. पंख्याने धूळ पसरते, म्हणून पंखा बंद. घरात एक कुत्रा होता, लहान, पांढरा.

"त्याला डस्टची ॲलर्जी आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी कुत्र्याला आतल्या खोलीत एसी लावून बंद केलं आणि दाराखाली ओला टॉवेल सारला. मग स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढलं आणि त्याच्याखालीही ओला टॉवेल सारला. एक टॉवेल धूळ आत जाऊ नये म्हणून, एक बाहेर येऊ नये म्हणून. दाजी धुळीच्या बाजूला.

"मी म्हटलं, बाई, मला पण द्या की एक, तोंडाला," दाजी सांगत होते. "तिनं दार किलकिलं करून दिला. म्हणाली, काका, टायगरचा आहे, पण धुतलेलाच आहे हं."

ते हसले. आम्ही दोघी हसलो नाही.

टॉवेल बांधून त्यांनी कापायला सुरुवात केली. कुत्र्याचा वास आला, मग केस जिभेवर आले. बंद खोलीत हात दिसेनासा झाला. त्यांना खोकल्याची उबळ आली आणि खोकता खोकता उलटी झाली. समोर सिंकचं भोक होतं. उलटी भोकातून खालच्या नव्या कपाटात, ड्रॉवरमध्ये पडली. बाई धावत आल्या. किंचाळल्या नाहीत. नाकाला ओढणी लावून त्यांनी बादली आणून दिली आणि पाठोपाठ दुसरी.

"मीच साफ केलं सगळं," दाजी म्हणाले. आता ते हसत नव्हते. "ड्रॉवर काढून धुतला, फरशी धुतली. सगळं पांढरं होतं गं. सकाळी चहा-चपाती खाल्लेली, आणि बाहेर आलं ते दूध. ते दूध. मी पुसतोय, आणि ती दारात उभी राहून म्हणते, काका, भरपूर पाणी घ्या हं, पाण्याची काळजी करू नका."

ताईने हातातला घास ताटात ठेवला.

"ओकारी धुवायला पाणी चाललं तिला," दाजी म्हणाले. "त्याच लाकडी फरशीवर. मला एकदम शिसारी आली. तिची नाही. म्हणजे तिचीपण. पण माझी जास्त."

त्यांनी ग्राइंडर पिशवीत घातला आणि तिथूनच मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, काम झालं का. दाजी म्हणाले, नाही झालं, आणि माझ्या हातून होणार पण नाही, दुसरा माणूस बघा. मालकांनी आधी माईंची शपथ घातली, मग आवाज चढवला, मग पुन्हा हाताची स्तुती केली. दाजी म्हणाले, "हात इथंच ठेवून जाऊ का?" आणि फोन बंद केला. सामानाच्या लिफ्टने खाली आले.

ते परत गेले नाहीत. सध्या कल्याणला नळ आणि बेसिन विकणाऱ्या एका दुकानात असतात. गिऱ्हाइकाला नळ फिरवून दाखवायचा, कोणता कुणाला जोडता येईल ते सांगायचं. काम त्यांना आवडत नाही. दिवसभर उभं राहून हात रिकामे राहतात, असं म्हणतात. डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, आहे तिथे आहे. या आजारात ही चांगली बातमी धरतात.

फिनिशिंगला दुसरा माणूस दुसऱ्याच दिवशी मिळाला. तिशीतला, गावाहून नुकताच आलेला. माजिवड्याचं सिंकचं भोक त्यानेच पुरं केलं, कोरडं, दार लावून. बाईंनी मालकांना फोन करून काम छान झाल्याचं कळवलं.

मागच्या रविवारी मी ताईकडे होते, तेव्हा दाजी कारखान्यातल्या एका जुन्या सोबत्याशी फोनवर बोलत होते. स्पीकर चालू होता.

"नवीन कसा आहे?" दाजींनी विचारलं. "कड कशी काढतो? माझ्यासारखी जमते का? कोपऱ्यात ग्राइंडर उचलतो की तसाच फिरवतो?"

ताईने ओल्या हातानेच त्यांच्यापुढचा फोन उचलला.

"भाऊजी, मी बोलतेय. त्याचा हात कसा आहे ते राहू दे. तो खोकतो का?"

पलीकडे शेडचा आवाज होता, पात्याचा आणि पाण्याचा. सोबत्याने बहुधा वळून बघितलं असावं.

"अजून नाही, वहिनी," तो म्हणाला.